वाचक विचारतात: चार रुपयांची वीज आठला कशी पडते?

मागच्या अंकात पॉवर फॅक्टरवर लिहिताना ओपन ॲक्सेस (म्हणजे तारा त्याच, पण वीज महावितरणऐवजी बाहेरच्या उत्पादकाकडून विकत घ्यायची सोय) हा शब्द नुसता ओझरता आला होता, एका ओळीत. तर या महिन्याची निम्म्याहून जास्त पत्रं त्याच एका शब्दावर आलीत. जालना, वाळूज, लातूर, नांदेड, सगळीकडे एजंट लोक फाइल घेऊन फिरायलेत असं दिसतंय. तेव्हा यावेळी बाकी सगळं बाजूला, फक्त हाच विषय.

प्रश्न : आमची जालन्यात सळईची मिल आहे, सोबत इंडक्शन फर्नेस. लाइन ३३ केव्हीची, कॉन्ट्रॅक्ट डिमांड म्हणजे मंजूर भार ५००० केव्हीए. मागच्या हप्त्यात एक माणूस येऊन गेला, बाहेरची वीज ४ रुपयांनी देतो म्हणायलाय, आणि आम्ही महावितरणला ८ च्या वर भरायलोत. पार्टनर तर उद्याच सही करा म्हणून मागं लागलेत. भाऊ, हिशोब तर सरळ दिसतोय, मग बाकीचे लोक का थांबलेत? (एक वाचक, जालना)

उत्तर : बाकीचे थांबलेत कारण त्यांनी एकदा हिशोब मांडून बघितलाय. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला ही म्हण बहुतेक ओपन ॲक्सेसचं बिल बघूनच कुणीतरी काढली असावी.

तो ४ रुपये म्हणतोय तो दर त्याच्या प्लांटच्या दारातला आहे. तुमच्या मीटरपर्यंत यायला ती वीज महापारेषणच्या तारांवरून येणार, मग महावितरणच्या तारांवरून येणार, आणि प्रत्येक ठिकाणी टोलनाका आहे. आता मी आकडे धरतो ते फक्त गणितासाठी, टॅरिफ ऑर्डर बदलली की हे सगळे बदलतात, पण रीत तीच राहते. वाटेत ८ टक्के गळती धरा, म्हणजे तुम्हाला १०० युनिट मिळायला तिकडून १०८-१०९ विकत घ्यावे लागतील, ४ चे झाले ४.३५. ट्रान्समिशनचे ६० पैसे, झाले ४.९५. ३३ केव्हीचं व्हीलिंग, म्हणजे महावितरणच्या तारांचं भाडं, २५ पैसे, ५.२०. मग येतो क्रॉस सबसिडी सरचार्ज (तुम्ही बाहेर पडल्यानं शेतीपंपांकडं वळणारा पैसा बुडतो, त्याची भरपाई), तो १.६० धरू, ६.८०. मग ॲडिशनल सरचार्ज (महावितरणच्या जुन्या वीज करारांचा भार) १.३०, झाले ८.१०. वर ट्रेडरचं मार्जिन, शेड्युलिंगची फी, हे ते धरून १० पैसे. आले ८.२०.

आता तुमचा सध्याचा दर व्हीलिंगसकट ८.३० धरला तर तुम्ही म्हणाल की चला, १० पैसे तरी सुटले, फर्नेसला टनामागं सहाशेच्या आसपास युनिट लागतात म्हणजे टनाला ६० रुपये. पण थांबा. तुमच्या पत्रातच, इथं न छापलेल्या भागात, तुम्ही लिहिलंय की लोड फॅक्टर (मंजूर भाराच्या मानानं महिनाभर किती टक्के वीज वापरली तो आकडा) ८२ आहे आणि बिलात इन्सेन्टिव्ह, म्हणजे सवलत, येतो. ही सवलत ७५ टक्क्यांच्या पुढं सुरू होते, ८५ पर्यंत प्रत्येक टक्क्याला पाऊण टक्का. म्हणजे ८२ ला सव्वापाच टक्के. म्हणजे तुमचा खरा दर ८.३० नाहीच, तो ७.९० च्या घरात आहे. आणि हा लोड फॅक्टर महावितरणकडून घेतलेल्या युनिटवर मोजतात, तुम्ही निम्मी वीज बाहेरून घेतली की तो खाली ४१ वर येणार अन् सवलत गेली. मग बाहेरची निम्मी ८.२० ला, इथली निम्मी ८.३० ला, आणि आधी सगळी मिळत होती ७.९० ला. टनामागं दोनशे रुपये तोटा, तोही स्वस्त वीज घेऊन! हे त्या माणसाच्या कागदात नसणार, त्याला तुमचा लोड फॅक्टर माहीतच नाही, आणि खरं सांगायचं तर त्यानं विचारलाही नसेल.

डिमांड चार्ज तर मी धरलाच नाही कारण तो हलत नाही. बाहेरून वीज घेतली तरी कॉन्ट्रॅक्ट डिमांड तुम्ही इथं ठेवणारच, कारण तिकडचा प्लांट बंद पडला तर फर्नेसमध्ये धातू गोठवून बसायची हिंमत कुणाची आहे. डिमांड कमी करून घेता येते पण मग गरजेच्या दिवशी वर गेलात की पेनल्टी.

तुमच्या गावातल्याच काही मोठ्या मिल १३२ केव्हीवर आहेत, त्यांना व्हीलिंग चार्ज लागत नाही आणि खालच्या लाइनची गळतीही लागत नाही. त्यांचं गणित वेगळं. तेव्हा शेजारच्यानं घेतली म्हणून आपण घ्यायची, असं यात चालत नाही.

प्रश्न : पुरवठादार बदलला तर कंपनीपर्यंत नवीन वायर ओढावी लागते का? आणि नवीन कंपनीची वीज जास्त व्होल्टेजची, स्वच्छ वगैरे असते का? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : नाही आणि नाही. तार तीच, फीडर तोच, ट्रान्सफॉर्मर तोच, पावसाळ्यात झाड पडून लाइन गेली तर तुमचीही जाणार. बदलतो तो फक्त जमाखर्च. हां, मीटर मात्र दर १५ मिनिटांचं रीडिंग ठेवणारा लागतो, कारण या धंद्यात दिवस २४ तासांचा नसतो, ९६ तुकड्यांचा असतो.

प्रश्न : वाळूजला आमचा ऑटो पार्टचा कारखाना आहे. आम्ही पाच कारखानदार मिळून एका सोलर प्लांटमध्ये २६ टक्के शेअर घ्यायचे आणि तिथली वीज वापरायची असा प्रस्ताव आलाय. याला ग्रुप कॅप्टिव्ह म्हणतात म्हणे. यात सरचार्ज लागत नाही हे खरं का? की यातही मेख आहे? (एक वाचक, वाळूज)

उत्तर : खरं आहे. आणि मेखही आहे.

२००३ च्या वीज कायद्यात स्वतःच्या प्लांटची वीज स्वतः वापरणाऱ्याला क्रॉस सबसिडी सरचार्जमधून सूट आहे, आणि २००५ च्या नियमांनी 'स्वतःचा' म्हणजे काय ते सांगितलं : किमान २६ टक्के मालकी, आणि वर्षभरातल्या उत्पादनाची किमान ५१ टक्के वीज त्या मालकांनी वापरायची. ॲडिशनल सरचार्जवर आपल्याच राज्यातला वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १० डिसेंबर २०२१ ला निकाल लागला की कॅप्टिव्हवाल्यांना तोही लागत नाही. वरच्या जालन्याच्या हिशोबातले १.६० आणि १.३० हे दोन्ही काढून टाका, ८.२० चे ५.३० होतात. म्हणून आज जो तो ग्रुप कॅप्टिव्हच्या मागं आहे. नुसता पुरवठादार बदलून कुणाचं फारसं भलं झालेलं मी पाहिलं नाही, पैसे वाचलेत ते बहुतेक या मार्गानं.

आता मेख. २६ आणि ५१ हे दरवर्षी तपासतात, एकदा सर्टिफिकेट मिळालं की संपलं असं नाही. आणि ते पाळलं गेलं नाही तर त्या पूर्ण वर्षाचा सरचार्ज मागून येतो. शिवाय ग्रुपमध्ये प्रत्येकानं साधारण आपल्या शेअरच्या प्रमाणातच वीज उचलायची असते, दहा टक्के इकडंतिकडं चालतं. आता तुम्ही पाच जण आहात. त्यातल्या एकाची ऑर्डर गेली, शिफ्ट तीनवरून एकावर आली, त्याची वीज उचलली गेली नाही, की गणित सगळ्यांचंच बिघडतं. कारखाना तुमचा नीट चालू आहे, तुम्ही एकही चूक केली नाही, आणि नोटीस तुमच्या दारात. म्हणून प्लांटवाला कोण आहे यापेक्षा बाकीचे चार कोण आहेत ते आधी बघा. पोरीचं स्थळ बघताना जशी चौकशी करतो तशी करा, त्यांचे ताळेबंद मागा, लाजू नका.

दुसरी गोष्ट उन्हाची. सोलर दिवसा येणार. पूर्वी महावितरणची युनिटमागं दीड रुपयाची सवलत रात्री १० ते सकाळी ६ असायची, आपल्याकडच्या कितीतरी भट्ट्या त्यामुळंच रात्री पेटायच्या, कामगारांची झोप त्या दीड रुपयावर गेलेली आहे. आता २०२५ च्या टॅरिफ ऑर्डरपासून सवलतीचा काटा दिवसाकडं सरकलाय, उन्हाच्या तासांत वीज स्वस्त आणि संध्याकाळनंतर महाग. म्हणजे तुमच्या प्लांटची सोलर वीज जी महावितरणची युनिट वाचवणार, ती नेमकी स्वस्तातली युनिट. एजंटच्या एक्सेलमध्ये बचत बहुतेक सरासरी दरावर काढलेली असते. त्याला सांगा बाबा, दिवसाच्या दरावर काढ. आकडा किती खाली येतो बघा.

आणि बँकिंग, म्हणजे जास्तीची वीज ग्रिडमध्ये ठेवून नंतर उचलायची सोय, ती पूर्वीसारखी वर्षभराची राहिली नाही, महिन्याच्या महिन्यात हिशोब संपतो, वर त्यातली थोडी वीज चार्ज म्हणून कापून जाते. तुम्ही दिवाळीत आठ दिवस कंपनी बंद ठेवता ना, तेव्हा ऊन काही सुट्टीवर जात नाही. म्हणून प्लांटमधला वाटा आपल्या लोडपेक्षा जरा हात राखूनच घ्या.

प्रश्न : माझा मेव्हणा ह्यूस्टनला असतो. तिकडं म्हणे मोबाइलचं सिम बदलावं तशी वीज कंपनी बदलतात, कारखाने तर दरवर्षी टेंडर काढतात. आपल्या लातूरच्या दालमिलवाल्यांनी काय पाप केलंय? आपल्याकडं हे कधी होणार? (एक वाचक, लातूर)

उत्तर : तिकडं होतं, खरंय. टेक्सासमध्ये १ जानेवारी २००२ पासून बहुतेक भागात गिऱ्हाईक आपला विक्रेता निवडतो, तारांची कंपनी मात्र तीच राहते. कारखानदार तिथं दोन पद्धतीनं घेतात, एक तर दोन-तीन वर्षांचा पक्का दर, नाहीतर बाजारभावाला बांधलेला. बाजारभाववाले वर्षानुवर्षं खुशीत होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिकडं हिमवादळ आलं, गॅसच्या लाइनी गोठल्या, प्लांट बंद पडले, आणि घाऊक दर मेगावॅट-तासाला ९००० डॉलरवर नेऊन कित्येक दिवस तिथंच ठेवला. आपल्या भाषेत युनिटला साडेसहाशे रुपये! मेव्हण्याला विचारा, त्याला आठवत असेल.

पण त्यांची एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तिथं मोठ्या कारखान्याचा ट्रान्समिशनचा वर्षाचा खर्च ठरतो तो जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतल्या, राज्याचा लोड सर्वात जास्त असतो त्या फक्त चार पंधरा-पंधरा मिनिटांवर. म्हणजे वर्षातला एक तास. म्हणून तिकडचे कारखाने उन्हाळ्यात दुपारी अंदाज बांधत बसतात की आज तो क्षण येणार का, आणि वाटलं की मशिनरी बंद करून चहा प्यायला जातात. गिऱ्हाईकानं विक्रेता बदलण्यापेक्षा स्वतःचा वापर हलवून जास्त कमावलंय.

इंग्लंडनं १९९० मध्ये १ मेगावॅटच्या वरच्यांना मोकळं केलं, १९९४ मध्ये १०० किलोवॅटच्या वरच्यांना, आणि १९९८-९९ मध्ये घरोघरी. आता आपले आकडे बघा, गंमत आहे. आपल्या कायद्यानंही २००९ च्या जानेवारीपर्यंत १ मेगावॅटच्या वरच्यांना मोकळीक द्यायला सांगितलं होतं, आणि ६ जून २०२२ च्या केंद्राच्या नियमांनी हरित ऊर्जेसाठी ती हद्द १०० किलोवॅट केली. तोच १ मेगावॅट, तेच १०० किलोवॅट, फक्त त्यांना ४ वर्षं लागली आणि आपल्याला १३.

सिम बदलल्यासारखं बदलणं आपल्या राज्यात एकाच ठिकाणी आहे, मुंबईत, तिथं एकाच भागात दोन परवानाधारक असल्यानं २००९ पासून घरगुती गिऱ्हाईकसुद्धा इकडून तिकडं जाऊ शकतं. मराठवाड्यात तसं नाही, आपल्याला ओपन ॲक्सेस हाच दरवाजा. त्याच दरवाजातून वीज एक्सचेंजवरूनही, म्हणजे विजेच्या बाजारातूनही, घेता येते, २००८ पासून. तिथं रोज सकाळी उद्याच्या ९६ तुकड्यांसाठी बोली लावायची. दुपारी भर उन्हात दर कधीकधी २ रुपयांच्याही खाली जातो आणि संध्याकाळी ७ नंतर १० रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. दालमिल दिवसा चालते, तुम्हाला ते फायद्याचं वाटेल, पण सरचार्ज इथंही लागतो आणि सीझन संपल्यावर चार महिने मिल बंद असली तरी सगळी कागदपत्रं, मीटर, फी, हा खर्च तोच. माझं मत विचाराल तर सीझनल मिलनं यात पडू नये, छतावर सोलर टाकावं आणि गप बसावं.

प्रश्न : मी शेंद्र्याच्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. साहेबांनी ओपन ॲक्सेसचे तीन कोटेशन माझ्या टेबलावर ठेवलेत आणि सोमवारपर्यंत तुलना करून दे म्हणालेत. तिन्हीत दर वेगळे, अटी वेगळ्या, मला कुठून सुरुवात करावी तेच कळेना. (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : ताई, कोटेशन आधी ड्रॉवरमध्ये ठेवा. पहिल्यांदा तुमच्या मीटरचा लोड सर्व्हे, म्हणजे मीटरमधली वापराची नोंद, काढून घ्या, १५-१५ मिनिटांचा, निदान १२ महिन्यांचा. हे महत्त्वाचं का ते सांगतो.

तीन-चार वर्षांपूर्वी चिकलठाण्यातल्या एका कारखान्यानं मला असंच कोटेशन तपासायला बोलावलं होतं. मी लोड सर्व्हे मागितला, तर तो आजवर कुणी बघितलाच नव्हता, बिल आलं की भरायचं एवढंच. प्रिंट काढली, टेबलावर पसरली आणि रविवारचे रकाने बघायला लागलो. रविवारी कंपनीला कुलूप असतं, गेटवर एक वॉचमन, एक ट्यूबलाइट. आणि कागदावर लोड दिसतोय ११८ केव्हीए. सकाळी ११८, दुपारी ११८, रात्री दोनला ११८. मालक म्हणाले मीटर खराब असंल. पुढच्या रविवारी आम्ही दोघं गेलो, शटर उघडलं, आत शांतता, आणि त्या शांततेत सगळीकडून सुंऽऽऽ असा बारीक आवाज. कॉम्प्रेसर दोन्ही चालू ठेवून लोक शनिवारी घरी जायचे, आणि हवेची लाइन जागोजागी गळत होती, साबणाचं पाणी लावलं तर फुगेच फुगे. कोटेशनमधली वर्षाची बचत आणि त्या गळतीतून उडून जाणारे पैसे यात फार फरक नव्हता. त्यांनी आधी पाइप बदलले. कॉन्ट्रॅक्ट पुढं वर्षभरानं केलं, आणि तेही कमी मेगावॅटचं.

तेव्हा आधी लोड. मग कोटेशन काढा आणि दराच्या आकड्यावर तात्पुरतं बोट ठेवून बाकीचं वाचा. पहिलं बघायचं ते हे, की दर कुठला आहे, प्लांटच्या दारातला की तुमच्या मीटरवरचा. तिघांचे तीन ठिकाणचे असतील तर ते एकाच ठिकाणी आणल्याशिवाय तुलना होतच नाही. मग बघा सरचार्ज वाढला तर तो कुणाच्या माथी, 'कायद्यात बदल' अशा नावाचं एक कलम असतं, तिथं बहुतेक वेळा सगळा बदल गिऱ्हाईकाच्या गळ्यात घातलेला असतो, निदान निम्मानिम्मा करून घ्या. मग बघा वीज उचलली नाही तरी किती टक्क्यांचे पैसे द्यावेच लागतात. आणि त्यांनी दिली नाही तर ते तुम्हाला काय देतात, हे कलम पहिल्याच्या मानानं फार छोटं असतं, कधीकधी एका ओळीचं. लॉक-इन किती वर्षांचा आणि मधूनच बाहेर पडायला काय लागतं, कॅप्टिव्ह असेल तर शेअर परत कोण घेणार आणि काय भावानं, हेही.

एक गोष्ट तिन्ही कोटेशनमध्ये नसणार. मोठ्या ओपन ॲक्सेसवाल्याला ठराविक वीज अपारंपरिक स्रोतातून घ्यायचं बंधन असतं. केंद्रानं ठरवलेला टक्का २०२४-२५ साठी २९.९१ होता आणि तो वाढत २०२९-३० ला ४३.३३ वर जातो. महावितरणकडून घेता तोवर हे ओझं त्यांचं, बाहेरून कोळशाची वीज घेतली की त्या युनिटचं तुमचं. त्याचा खर्च तुमच्या तक्त्यात एक रकाना म्हणून घाला. साहेबांना सांगा की सोमवारी नाही होणार.

प्रश्न : आमचा वाळूजमध्येच छोटा जॉबवर्कचा शॉप आहे, ११ केव्ही, २५० केव्हीए. १०० किलोवॅटची हद्द झाली म्हणजे आम्हालाही घेता येईल ना? (एक वाचक, वाळूज)

उत्तर : घेता येईल, हरित वीज असेल तर. अर्जावर १५ दिवसांत निर्णय द्यायचा असाही नियम आहे. पण ११ केव्हीला व्हीलिंग आणि गळती दोन्ही ३३ पेक्षा जास्त पडतात, आणि मीटर, एनओसी, कन्सल्टंट हा खर्च मोठ्या कारखान्याएवढाच, भागायला युनिट मात्र कमी. आधी छत भरा. छत कमी पडायला लागलं की मग पुन्हा पत्र लिहा. तुमच्या मोठ्या गिऱ्हाईकानं, म्हणजे ज्या कंपनीला तुम्ही पार्ट देता तिनं, हरित विजेचा कागद मागितला असेल तर गोष्ट वेगळी, मग तो तुमच्या ऑर्डरचा प्रश्न आहे, विजेचा नाही.

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यातला शेतकरी. पाच एचपीचा पंप आहे. पोरगा सांगायलाय की हे मोठे कारखाने महावितरण सोडून चाललेत आणि उद्या त्याचा बोजा आमच्यावर येणार. हे खरं का? आम्ही कुठं जायचं ओपन ॲक्सेस मागायला? (एक वाचक, परभणी)

उत्तर : दादा, तुमचा प्रश्न या सगळ्या पत्रांत मला सगळ्यात अवघड वाटला.

कारखान्याला वीज पुरवायला जेवढा खर्च येतो त्यापेक्षा त्याच्याकडून जास्त घेतात, आणि ते जास्तीचे पैसे शेतीपंप आणि कमी वापराच्या घरांकडं वळतात. यालाच क्रॉस सबसिडी म्हणतात. कारखाना निघून गेला की ते जास्तीचे पैसे गेले, म्हणून जाताना त्याच्याकडून सरचार्ज घेतात. आणि महावितरणनं वीज प्रकल्पांशी पंचवीस-पंचवीस वर्षांचे करार करून ठेवलेत, गिऱ्हाईक असो नसो त्यांना ठरलेले पैसे द्यावेच लागतात, त्यासाठी दुसरा, ॲडिशनल सरचार्ज. आता तुम्हाला वरची पत्रं वाचून वाटेल की हे सरचार्ज म्हणजे कारखानदाराला अडवायचा दांडा. कारखानदारही तेच म्हणतात. पण त्या दांड्याच्या दुसऱ्या टोकाला तुमचा पंप बांधलेला आहे.

सध्या तुमच्या बिलाची चिंता नाही, साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षं मोफत आहे, ते पैसे सरकार महावितरणला भरतं. म्हणजे बोजा तुमच्या बिलातून गेला आणि सरकारच्या तिजोरीवर बसला, तो कुठं नाहीसा झाला नाही. कारखाने जात राहिले तर पहिला फटका मला वाटतं तुम्हाला बसणार नाही, तो बसेल मधल्यांना. पिठाची गिरणी, वेल्डिंगचं दुकान, वीस एचपीचा जॉबवर्कवाला, ज्यांना बाहेर पडायला दारच नाही आणि सरकारी सवलतही नाही. त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी बोललो.

कायद्यात लिहिलंय की क्रॉस सबसिडी हळूहळू कमी करत न्यायची. २००३ मध्ये लिहिलंय. त्याचा एक खरा रस्ता म्हणजे शेतीची वीजच स्वस्तात तयार करणं, सबस्टेशनजवळ सोलर बसवून शेतीचा फीडर दिवसा त्यावर चालवणं, ती योजना चालू आहे. तुमच्या फीडरचं काम झालंय का ते सबस्टेशनला जाऊन विचारा, दिवसा पाणी देता येईल, रात्री सापाइंचवाच्या भीतीनं बॅटरी घेऊन फिरायचं तरी वाचेल.

प्रश्न : आमच्या पाटोद्याच्या डोंगरावर पवनचक्क्या फिरतात आणि गावात लाइट नसते. ती वीज जाते कुठं? (एक वाचक, बीड)

उत्तर : कागदावर ती कुठल्यातरी लांबच्या कारखान्याला विकलेली असू शकते, पुण्याकडं म्हणा, मुंबईकडं म्हणा. पण वीज काही पत्ता बघून जात नाही, जवळ जिथं मागणी असेल तिथं आधी शिरते. तेव्हा गावात लाइट असते त्या वेळी तुमच्या पंख्यात बहुतेक तीच असते, आणि ती विकत घेतल्याची पावती तिकडच्या कारखान्याच्या फाइलला लागते. लाइट जाते त्याचं कारण पवनचक्की नाही, तुमचा गावचा फीडर आहे, तक्रार त्याची करा.